लुकाचुकाईचं वाक्य

"एत्सिटी म्हणजे ठोकणारा. धातू ठोकून घडवणारा माणूस, चांदीकाम करणारा," सिस्टर हॅडलॉक म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलेल्या त्याच्या आडनावाखाली त्यांनी एक रेघ ओढली. "अर्थात हे तुम्हाला माहीत असणारच, एल्डर."

कॉर्विननं मान हलवली. हो, माहीत आहे. मान आपोआप हलली आणि मग कान तापले. एकोणीस वर्षं हे आडनाव त्यानं अंगावर वागवलं होतं. मेसाच्या शाळेत हजेरी घेताना बदली शिक्षिका त्या नावापाशी अडखळायच्या, आणि त्या अडखळल्या की वर्ग हसायच्या आत तो "हजर" म्हणून टाकायचा. बेसबॉलच्या शर्टावर पाठभर ते नाव होतं. बाबांच्या व्हॅनच्या दारावर निळ्या अक्षरांत होतं, खाली फोन नंबर आणि त्याखाली 'एसी दुरुस्ती व देखभाल'. पण त्या अक्षरांच्या आत एक माणूस बसलेला आहे, हातोडी घेऊन काही तरी घडवतो आहे, असं कधी त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि ते सांगितलं कुणी, तर लोगन गावच्या एका तेवीस वर्षांच्या, नाकावर ठिपके असलेल्या गोऱ्या मुलीनं. दीड वर्ष ती चर्चच्या मिशनवर, धर्मप्रचारासाठी, नाव्हाहो आदिवासींच्या मुलखात चिनलीला राहिली, मेंढ्या हाकल्या, म्हाताऱ्यांची लाकडं फोडली, आणि त्याचं नाव उघडून त्यालाच दाखवायला परत आली.

"म्हणजे तू सोनार," शेजारी बसलेला पगमायर पुटपुटला. "माझ्या आईला एक बांगडी घडव ना."

"गप रे."

एल्डर पगमायर हा त्याचा जोडीदार. आयडाहोचा, बेअर लेकजवळच्या एका गोठ्यात वाढलेला, हात फावड्यासारखे आणि मन लोण्यासारखं. चर्चच्या प्रोव्होमधल्या त्या धर्मप्रचारक प्रशिक्षण केंद्रात कुणी एकटं नसायचं. जेवायला जोडीनं, वर्गात जोडीनं, कपडे धुवायला जोडीनं. मिशी न फुटलेल्या पोरांना सगळे एल्डर, म्हणजे ज्येष्ठ, म्हणून हाक मारायचे आणि तीही चार दिवसांत त्या हाकेला ओ द्यायला लागायची. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. कॉर्विनला त्याचा त्रास नव्हता. पहाटे उठणं, न्याहारीला गोड दूध आणि मक्याचे पोहे, खिडकीबाहेर टिंपानोगसचा डोंगर, इमारती-इमारतींतून पन्नास भाषांचा एकदम उठणारा गलबला, या सगळ्याची सवय होऊ शकत होती. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची. भोजनगृहात त्याच्या चेहऱ्याकडे आणि मग पट्टीकडे बघून कुणी ना कुणी म्हणायचंच, "नाव्हाहो भाषा? अरे, मग तुला तर येतच असेल!" आणि तो हसायचा. पोर्तुगीज शिकणाऱ्याला कुणी असं म्हणत नव्हतं.

त्याला काय येत होतं? पाणी. मेंढी. ये, बस, खा. 'गप बस'ला दोन-तीन शब्द. बाकी सगळी भाषा घरात होती, पण बंद दारामागे ठेवल्यासारखी. आई मावशीशी फोनवर बोलायची तेव्हा ती स्वयंपाकघरात अगदी वेगळीच बाई व्हायची. आवाज घशात उतरायचा, हसू पोटातून यायचं. कॉर्विन पाणी प्यायला आत आला की त्याच श्वासात ती इंग्रजीवर यायची, आणि पुन्हा आपली आई व्हायची. त्याला लहानपणी वाटायचं, मोठी माणसं सगळी अशीच असतात, त्यांना फोनची एक भाषा असते. बाबा तर ती फोनवरही बोलायचे नाहीत. कामाच्या ठिकाणी एखादी नाव्हाहो म्हातारी त्यांना पाहून आनंदानं सुरू व्हायची. बाबा ऐकून घ्यायचे, टोपी काढायचे आणि इंग्रजीत म्हणायचे, "मॅडम, तुमचा कंप्रेसर गेलाय."

चर्चकडून नेमणुकीचा संदेश आला तो दिवस त्याला आठवायचा. सगळे दिवाणखान्यात जमलेले, मावशी व्हिडिओवर. त्यानं मोठ्यानं वाचलं, कुठे पाठवलं आहे, कधीपासून, आणि मग शेवटची ओळ, की तुम्ही सुवार्ता नाव्हाहो भाषेत सांगायची तयारी कराल. आईनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाली, "एल्डर म्हणे! आधी न्हाणीघरातला टॉवेल उचलायला शीक." सगळे हसले. बाबांनी उठून त्याला मिठी मारली, चांगली घट्ट, पाठीवर दोन थापा दिल्या आणि टायरमध्ये हवा कमी वाटते म्हणत बाहेर गेले. खिडकीतून ते व्हॅनपाशी उकिडवे बसलेले दिसत होते. बराच वेळ त्यांनी टायरला हात लावला नाही.

वर्गात पगमायर भराभर पुढे जात होता. त्याच्या जिभेला लाज नव्हती. त्या भाषेत एक आवाज आहे, जीभ वरच्या दातांमागे टेकवायची आणि दोन्ही गालांकडून वारा सोडायचा. पगमायर तो काढायचा तेव्हा बदक चिडल्यासारखं वाटायचं, पण काढायचा. पहिल्या आठवड्यात प्रार्थना म्हणताना त्यानं देवाला पवित्र म्हणायच्या जागी मेंढी म्हटलं, आणि सिस्टर हॅडलॉक हसल्या तर डोळे न उघडता म्हणाला, "त्याला समजलंय मला काय म्हणायचंय ते." कॉर्विनचं उलटं. कान पक्के, जीभ चोर. पगमायरचा प्रत्येक आवाज कुठे चुकला हे त्याला ऐकताक्षणी कळायचं, ज्यांचा अर्थ माहीत नव्हता त्या शब्दांतसुद्धा. आणि स्वतः तोंड उघडलं, की समोर आजोबांच्या गावचं, लुकाचुकाईचं अंगण दिसायचं, भिंतीच्या सावलीत बसलेल्या आत्या आणि काका दिसायचे, आता हसतील म्हणून वाट बघत असलेले. प्रार्थनेची वेळ आली की आणखीच. इंग्रजीत तो नळ सोडल्यासारखी प्रार्थना करायचा. लहानपणापासूनची सवय, शब्द आपले येत राहायचे. इथे पाच-सात शब्द होते हाताशी. देवाशी बोलताना प्रत्येक शब्द दगडासारखा उचलून ठेवावा लागत होता, आणि ठेवल्यावर वाटायचं, खरंच, एवढंच तर म्हणायचं असतं.

मग एके सकाळी 'देणे' आलं.

सिस्टर हॅडलॉक टेबलावर वस्तू मांडत होत्या. एक सफरचंद, एक पेन्सिल, दोरीचं वेटोळं, पाण्यानं भरलेला पेला, घडी केलेलं ब्लँकेट. "इथे 'दे' असं एक क्रियापद नाही," त्या म्हणाल्या. "काय द्यायचं त्यावर क्रियापद ठरतं. गोल घट्ट वस्तू असेल तर एक. लांब ताठ असेल तर दुसरं. लांब लवचिक असेल, दोरीसारखी, तर तिसरं. उघड्या भांड्यात काही असेल तर चौथं." आणि त्यांनी ती म्हणून दाखवायला सुरुवात केली. तिसरं ऐकलं आणि कॉर्विनच्या हातातली पेन्सिल थांबली. हा शब्द त्याच्याकडे होता. शब्द नव्हे, तो आवाज. आजोबांचा.

मेसाहून निघालं की दिवस मोडायचा लुकाचुकाईला पोचेपर्यंत. होलब्रुकला बर्गर, गनाडोला पेट्रोल, आणि मग लाल कड्यांच्या पायथ्याशी धुळीचा रस्ता, कुत्रे, धूर. होस्की एत्सिटी, त्याच्या बाबांचे बाबा, उंच, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर काळी हॅट. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणायला हरकत नाही. 'ओके' यायचं, थंड सोड्यासाठी 'कोल्ड पॉप' यायचं आणि कशालाही, अगदी सूर्यास्तालाही, 'टू मच' म्हणायचे. नातवाशी ते आपल्या भाषेत बोलायचे. त्याला कळत नाही म्हणून कधी हळू बोलले नाहीत की मोठ्यानं बोलले नाहीत. तो सात वर्षांचा होता, मेंढीचं पिल्लू कुंपणात अडकलं होतं, आजोबा ते एका हातानं धरून दुसरा हात मागे पसरून काही तरी म्हणाले. त्यानं धावत जाऊन पाण्याचा पेला आणला. आजोबांनी पेल्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि पेला घेऊन पाणी पिऊन टाकलं. सावलीतली सगळी माणसं पोट धरून हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट आत्यानं त्याला जवळ ओढून घेतलं. पण आपण काय केलं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता प्रोव्होच्या त्या पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत बारा वर्षांनी ते त्याला कळलं. लांब लवचिक काही तरी दे. दोरी मागितली होती. तो मोठ्यानं हसला. एकटाच.

"एल्डर एत्सिटी?"

"काही नाही. दोरी होती ती."

त्या दिवसापासून असं व्हायला लागलं. नवा शब्द फळ्यावर यायचा आणि मागे कुठे तरी एक खिडकी उघडायची. आजोबा पहाटे दार उघडून म्हणायचे ते 'थंडी आहे' होतं. मटणाच्या रश्श्याचं पातेलं उतरवताना आत्या म्हणायची ते 'हात भाजेल'. पोरं कुत्र्यांमागे पळायची तेव्हा ओरडून सांगितलेलं ते 'सापाकडे लक्ष ठेवा'. इतकी वर्षं नुसता आवाज होऊन पडलेले ते उन्हाळे आता बोलायला लागले. लुकाचुकाईचा धूर, जुन्या खोगिराचा वास, पहाडाच्या मागून दुपारी वर येणारे ढग, सगळं तेच, फक्त आता त्यातली माणसं त्याच्याशी बोलत होती. कपडे धुवायच्या खोलीत यंत्रांच्या घरघरीत तो बाकावर बसून राहायचा आणि आठवण्यात इतका गुंतायचा, की पगमायर दोघांचे मोजे वेगळे करून, जोड्या लावून, त्याच्या मांडीवर ठेवायचा. त्याला घरची इतकी आठवण कधीच आली नव्हती, आणि ती ज्या घराची येत होती तिथे तो सगळे उन्हाळे मिळून दोन-तीन महिनेच राहिला असेल.

एक वाक्य मात्र तसंच बंद होतं.

तो नऊ वर्षांचा होता. ऑगस्ट संपत आलेला, शाळा सुरू होणार म्हणून ते मेसाला परत निघाले होते. त्या खेपेला त्यानं आजोबांच्या मागे गोष्टीचा धोशा लावला होता. चुलतभाऊ सांगायचा, त्यांना कोल्ह्याच्या इतक्या गोष्टी येतात, की रात्र संपते पण गोष्ट संपत नाही. आजोबा मान हलवायचे आणि आई समजावून सांगायची, "उन्हाळ्यात नाही सांगत रे त्या. साप जागे असतात. बर्फ पडल्यावर सांगायच्या." पण ते फक्त उन्हाळ्यात यायचे. निघताना बाबांनी गाडी सुरू केली, आणि आजोबा त्यांच्या बाजूच्या खिडकीपाशी आले. त्यांनी एक हात खिडकीच्या कडेवर ठेवला, दुसरा आत घालून मागे बसलेल्या कॉर्विनच्या डोक्यावर ठेवला, आणि बाबांकडे बघत एक वाक्य म्हणाले. लांबच लांब वाक्य, मध्ये एकदा थांबून. बाबा समोर बघत होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात. मग त्यांनी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते मागून दिसलं नाही. आजोबांनी हात काढून घेतला.

"काय म्हणाले, बाबा?"

"सावकाश जा म्हणतात."

त्याला ते वाक्य आवडलं होतं. गाण्यासारखं होतं, चढ, उतार, मध्ये तो गालातून वारा सोडायचा आवाज. चिनलीपर्यंत तो ते मागच्या सीटवर घोळवत राहिला, मोठ्यानं, मग गुणगुणत, अर्थाशिवाय. आई पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, "बस आता," आणि त्यांनी रेडिओ लावला. बाबा कधी रागावायचे नाहीत, म्हणून ते लक्षात राहिलं असेल, आणि म्हणूनच वाक्यही राहिलं असेल.

नोव्हेंबरात टिंपानोगसवर पहिला बर्फ उतरला तेव्हा वर्गात ऋतू आले. "हाइगो," सिस्टर हॅडलॉक म्हणाल्या. "हिवाळ्यात." कॉर्विननं तो शब्द वहीत उतरवलाच नाही. तो त्याच्या तोंडात आधीच होता. त्याच्या आधीच्याच आठवड्यात त्यांनी 'शिल्' शिकवला होता, तो गालातल्या वाऱ्याचा, 'माझ्याबरोबर'. तेव्हा नुसतं कुठे तरी खाजल्यासारखं झालं होतं. आता दोन्ही शब्द एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले, आणि मधे आजोबांचा हात होता, डोक्यावरचा, जड आणि कोरडा.

वर्ग सुटल्यावर तो टेबलापाशी गेला. पगमायर दाराशी कोट घालत थांबला.

"सिस्टर, मी एक वाक्य म्हटलं तर सांगाल का? लहानपणी ऐकलंय. बरोबर म्हणता येईल असं नाही."

"जरा सावकाश म्हणा."

त्यानं म्हटलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच त्याची जीभ चोरासारखी वागली नाही. सिस्टर हॅडलॉक डोकं कलतं करून ऐकत होत्या. त्यांनी मधला एक शब्द त्याला वेगळा करून विचारला, ओठ हलवून स्वतःशी म्हणून पाहिला.

"कुणी म्हातारं माणूस असणार. हल्ली असं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "या हिवाळ्यात त्याला माझ्याबरोबर राहू दे. त्याला माझ्याकडून काही ऐकायचंय... नाही, थांबा. मला त्याला काही ऐकवायचंय. असं काहीसं. कुणी तरी मूल मागतंय." मग त्याच्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "एल्डर, कुणाचं आहे हे?"

"असंच. ऐकलं होतं."

बाहेर थंडी होती. पगमायर बरोबर चालत होता. कॉर्विनला आधी काही वाटलंच नाही, आणि मग सगळं एकदम वाटलं. सावकाश जा म्हणतात. बाबा खोटं बोलले होते. बाबा, जे गिऱ्हाइकाला पाच डॉलर जास्त लागले तर परत द्यायला जायचे. त्याला एका अख्ख्या हिवाळ्यासाठी मागितलं होतं कुणी तरी, आणि तो मागच्या सीटवर बसून तेच मागणं गाण्यासारखं म्हणत घरी गेला होता. लुकाचुकाईचा हिवाळा त्यानं एकदाच पाहिला. तो चौदाचा होता, फेब्रुवारी होता आणि आजोबा गेले होते. बर्फात खणलेली लाल माती, शर्टाच्या आतपर्यंत घुसणारा वारा, आणि आत्या त्याच्याशी काही बोलली ते त्याला कळलं नाही म्हणून तिनं नुसतं त्याचं तोंड कुरवाळलं. तो हिवाळा मिळाला असता तर? चुलीजवळ मेंढीच्या कातड्यावर पडून त्यानं ऐकलं असतं. आधी कळलं नसतं, मग थोडं कळलं असतं, वसंतापर्यंत तो हसणाऱ्यांच्या बरोबर हसला असता. आत्या बोलली तेव्हा उत्तर दिलं असतं. पाच हिवाळे आजोबा तिथेच होते, आणि बाबांना सगळं माहीत होतं.

सोमवारी घरी फोन करायची मुभा असायची. मोठ्या खोलीत खुर्च्या टाकून पोरं बसायची, प्रत्येकाच्या हातात एक घर उजळलेलं. मेसाच्या स्वयंपाकघरात आई कणीक तिंबत होती, तिचे हात पिठाचे, फोन बरणीला टेकवून ठेवलेला. बाबा मागे उभे, हातात कॉफीच्या कपात गरम चॉकलेट.

"वाळलास," आई म्हणाली. "तिथे मटण देत नाहीत का?"

"इथे मेंढीचं नाव काढलं तर पगमायर प्रार्थनाच करायला लागतो."

आई हसली. त्यानं ठरवलं होतं की हळूच विषय काढायचा. पण बाबा तिथेच उभे होते, शांत, चांगले, कप फुंकत, आणि त्याला हळू काही सुचेना. त्यानं वाक्य म्हटलं. अख्खं, मधल्या थांबण्यासकट.

आईचे हात कणकेत थांबले. बाबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कॉर्विननं कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता तो. म्हाताऱ्यानं स्वतः खोलीत येऊन म्हणावं तसे ते दाराकडे बघत होते. मग ते चित्रातून बाहेर गेले.

"कुठे गेले?"

"गॅरेजमध्ये," आई म्हणाली. "कुठून काढलंस हे?"

"लक्षात होतं. तुला कळलं होतं त्या वेळी?"

"मला कळणार नाही होय? होलब्रुकपर्यंत मी तुझ्या बाबांशी एक शब्द बोलले नव्हते."

"मग तू का नाही मला सांगितलंस?"

तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे केले, तरी पीठ लागलंच. "ते तुझ्या बाबांना विचारलं होतं, बाळा. मला नाही."

तो आठवडा फार लांबला. तो वर्गात नीट उत्तरं द्यायचा, कदाचित आधीपेक्षा नीट. रविवारी मंदिराकडे चढण चालताना पगमायर म्हणाला, "माझे बाबा फोनवर फक्त गाईंबद्दल बोलतात. अमकी लंगडते, तमकीनं दूध कमी केलं. मागच्या सोमवारी म्हणाले, तांबडी तुझ्याशिवाय गोठ्यात जात नाही, दारात उभी राहते." तो थांबला. "तांबडी मार्चमध्येच विकली आम्ही." कॉर्विननं त्याच्याकडे पाहिलं. पगमायर डोंगराकडे बघत होता, त्याचे मोठे हात खिशात कोंबलेले.

पुढच्या सोमवारी बाबांनी स्वतःच फोन लावायला सांगितलं होतं, आईकडून निरोप होता. ते व्हॅनमध्ये होते, चँडलरला कुणाच्या तरी दारात, मागे फडताळावर पाइपांची वेटोळी. टोपी काढून ठेवलेली. केस इतके पांढरे झाले होते हे मेसाच्या दिव्यात कधी दिसलं नव्हतं.

"मी आठ वर्षांचा होतो," ते इंग्रजीत म्हणाले, एकदम, नमस्कार-चमत्कार न करता. "तुला माहीतच आहे ते. शाळेसाठी एफ्रेमला पाठवलं, सॉरेन्सनांकडे."

माहीत होतं. चर्च तेव्हा नाव्हाहो मुलांना शाळेच्या वर्षभर गोऱ्या कुटुंबांत ठेवायचं. सॉरेन्सनबाईंना बाबा अजून दर नाताळला फोन करायचे आणि त्यांना 'मॉम' म्हणायचे. दिवाणखान्यात त्यांचा फोटो होता. त्यांनीच बाबांना पियानो शिकवला, दात सरळ करून आणले, दर जूनमध्ये परत पाठवताना त्या रडायच्या.

"फार चांगली माणसं होती ती. वाईट असती तर बरं झालं असतं, मी पळून घरी आलो असतो." बाबांनी मान चोळली. "तुझ्या आजोबांनी मला बसपर्यंत सोडलं. ट्रेडिंग पोस्टच्या दुकानात संत्र्याचं सरबत घेऊन दिलं. ते चांगल्यासाठीच करत होते. दर जूनमध्ये मी परत यायचो आणि दर जूनमध्ये मला ते काय म्हणतात ते थोडं कमी समजायचं. तेही बघत होते ते. कधी काही बोलले नाहीत. आणि मग त्या दिवशी खिडकीपाशी आले आणि म्हणाले, याला ठेव. मला दिसत होतं त्यांना काय हवंय. काय परत हवंय ते. पण तू मागे बसला होतास, कॉर्विन, नऊ वर्षांचा, आणि मला फक्त एवढंच दिसलं की गाडी निघते आहे आणि माझं मूल दुसऱ्याच्या दारात उभं आहे. माझ्या स्वतःच्या बापाचं दार, तरीसुद्धा. माझ्यानं नाही झालं."

कॉर्विनच्या आजूबाजूला पोरं आपापल्या आयांशी बोलत होती. "त्यांना वाईट वाटलं असेल," तो म्हणाला.

"हो."

मग बाबा खिडकीबाहेर बघायला लागले, आणि त्यांनी भाषा बदलली. आधी त्याला कळलंच नाही काय झालं ते. तो आवाज त्याच्या बाबांचा नव्हता. खालचा होता, संथ, घशाच्या मुळातून येणारा, एखाद्या आठ वर्षांच्या मुलानं मोठ्या माणसाच्या गळ्यातून बोलावं तसा. ते सोपे शब्द निवडत होते, एकेक, मधे मधे शोधत. काही सापडत नव्हते त्यांनासुद्धा. एफ्रेमच्या घरी एक कुत्रा होता, काळा. घरात सगळे विचारायचे, काय? काय म्हणालास? सगळे, प्रेमानं. तो कुत्रा विचारायचा नाही. म्हणून शाळेतून आलं की मागच्या पायरीवर बसायचं आणि त्या कुत्र्याशी बोलायचं, मेंढ्यांबद्दल, आईबद्दल, सगळं. तिसऱ्या वर्षी तो कुत्रा मेला. आणि मग बोलायला कुणी उरलं नाही.

कॉर्विनला सगळे शब्द आले नाहीत. पायरी कळली नाही, वर्ष कितवं ते कळायला वेळ लागला. पण कुणी भाषांतर करून दिलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही. काही तरी विचारायला हवं होतं. त्यानं शब्द जुळवले, आणि त्याच भाषेत विचारलं, कुत्रा काय म्हणायचा.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यांना हिसका बसला आणि ते हसले, असे, की फोन हलला, चित्रात छत आलं, पाइप आले, मग पुन्हा ते आले.

"असं नव्हे," ते डोळे पुसत म्हणाले. "तू विचारलंस, मी काय म्हणायचो. मी नाही. तो."

त्यांनी नीट शब्द म्हणून दाखवला. कॉर्विननं म्हटला.

"नाकातून घे शेवटचं."

त्यानं नाकातून घेतलं.

"फार झालं. सर्दी झाल्यासारखं वाटतंय. जरा कमी." बाबांनी फोन स्टिअरिंगपुढे टेकवून ठेवला आणि बोटानं स्वतःचा जबडा दाखवला, जीभ कुठे असायला हवी ते. व्हॅनच्या काचेवर कुणी तरी टकटक केलं, ज्या घरचा एसी बंद होता तो माणूस असणार. बाबांनी त्याच्याकडे न बघता हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.

"पुन्हा," ते म्हणाले.